साडेबावीस इंच

बोरखडीच्या शालिकराम माळ्याने आपल्या वाट्याची बागायत धाकट्या भावाला लिहून दिली आणि तिच्या मोलात देशमुखांची जुनी मोटार विकत घेतली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढले. ओलिताची काळी जमीन सोडून रबराच्या चार चाकांवर संसार ठेवणारा माणूस त्या पंचक्रोशीत आजवर झाला नव्हता. परंतु शालिकरामने हे पुरता विचार करून केले होते. देशमुखांकडे आठ वर्षे त्याने तीच मोटार चालवली होती. त्याने नागपूर पाहिले होते, अकोला पाहिले होते, धारणीच्या जंगलातल्या वाटांवर रात्री काढल्या होत्या. त्याचा बाप मात्र विहिरीच्या उतारावर बैलांमागे चालत म्हातारा झाला आणि तिथेच एके दिवशी बसला तो उठला नाही. त्या विहिरीवर परतणे शालिकरामला जिवंतपणी मातीत जाण्यासारखे वाटत असे. घरातल्या घरात, बायकोजवळ, तो हे बोलूनही दाखवी.

मोटार अमेरिकेत बनलेली, सन चोवीसची. तिची मागची बैठक काढून त्याने लाकडी पेटारा बसवला. बोरखडीची आणि शेजारच्या तीन गावांची वांगी, मेथी, झेंडूची फुले घेऊन तो चांदूर रेल्वेच्या रस्त्याने दिवस उगवण्याच्या सुमारास अमरावतीच्या बाजारात पोचे, आणि दुपारी माणसे घेऊन परते. अशी नऊ वर्षे गेली. या नऊ वर्षांत लोक त्याला शालिकरामजी म्हणू लागले. कोणाची बाळंतीण, कोणाची कोर्टातली तारीख, कोणाची आंधळी होत चाललेली आई, सगळ्यांना आदल्या दिवशी त्याच्या ओसरीवर येऊन जागा मागावी लागे. हा मान जमिनीमुळे मिळालेला नव्हता, जातीमुळे तर नव्हताच. स्वतःच्या हातच्या कामामुळे मिळालेला मान आपल्या समाजात किती थोड्यांच्या वाट्याला येतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शालिकरामचा हट्ट समजेल. मोटार चालती असेतो तो कोणाचा चाकर नव्हता. ती थांबली तर धाकट्या भावाच्या मळ्याखेरीज त्याला जायला जागा नव्हती.

बेचाळीस साली जपानने रबराच्या मळ्यांचा मलाया घेतला आणि बोरखडीच्या माळ्याचे चाक अडले. उरलेले रबर फौजेकडे जाऊ लागले. टायर हवा असेल तर सरकारी परमिट लागे, आणि ते मिळाले तरी वर्षातून एका मोटारीला एकच टायर मिळे. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात शालिकरामच्या मागच्या डाव्या चाकाचा टायर उसवला. आधी त्याने आतून चामड्याचा तुकडा शिवून घेतला. मग ट्यूबही दगा देऊ लागली, तेव्हा त्याने टायरात वाळले गवत ठासून भरले आणि बैलगाडीच्या चालीने मोटार चालवली. बाजार उठायच्या वेळेला पोचलेली मेथी कोणी घेत नाही. माळी समजूतदार होते, तरी त्यांची समजूत पालेभाजीपेक्षा जास्त दिवस टिकणारी नव्हती.

अमरावतीच्या दुकानदारांनी माना हलवल्या. शालिकरामच्या मोटारीच्या चाकाच्या लोखंडी कड्याला आत वळलेले ओठ होते, आणि त्या ओठांत अडकेल अशी जाड आकडेवजा कड असलेला टायरच त्यावर बसे. तसले टायर आता कोणी मागवीत नव्हते. नव्या टायरांच्या कडेत पोलादी तार असते आणि त्यांची चाकेही वेगळी असतात. "तुमची गाडी म्हातारी झाली, आता तिला बसू द्या," असे एकाने सांगितले. दुसऱ्याने अकोल्याचे नाव दिले. तिथे कापूसबाजाराजवळ ओमप्रकाश नावाच्या व्यापाऱ्याचे दुकान होते. त्याच्या वडिलांनी जिल्ह्यात मोटारी आल्या तेव्हापासून टायर विकले होते, आणि जुना माल असलाच तर त्याच्याच कोठीत असेल.

मोटार-अड्ड्यावरच्या ड्रायव्हरांनी शालिकरामला निघण्यापूर्वी एक शहाणपण शिकवले. व्यापारी हातातले परमिट पाहून म्हणतो की माप चुकले, दुसरे आणा. दुसरे आणेपर्यंत मुदत जाते आणि माल मागच्या दाराने जातो. "काही सांगू दे, परमिटावर असन तेच मागजो," ते म्हणाले. त्या वर्षी अशा गोष्टी घडत होत्या. ड्रायव्हर खोटे बोलत नव्हते.

बडनेऱ्याहून आगगाडी धरून शालिकराम अकोल्याला गेला. ओमप्रकाश चाळिशीतला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, सावकाश बोलणारा माणूस होता.

"जुन्या अमेरिकन गाड्यांचा थोडा माल आहे," तो म्हणाला. "पण आधी परमिट आणा. त्यावर जे माप असेल तोच टायर मी देऊ शकतो."

"टायरावरची अक्षरं घासून गेली, सेठजी. तुमीच सांगा ना माप."

"अंदाजानं नाही सांगणार. त्या काळी एकेका गाडीला तीन तऱ्हेची चाकं येत होती, आणि मालकही बदलून घेत होते. मोजून लिहा."

"मोजायचं काय, मोजतो."

एवढ्यावर बोलणे संपले, आणि पुढे जे झाले त्याचे मूळ याच बोलण्यात होते. कसे मोजायचे ते ओमप्रकाशने सांगितले नाही, कारण त्याच्या धंद्यात ते कोणाला सांगावे लागत नसे. शालिकरामने विचारले नाही, कारण चाक मोजणे त्याने लहानपणापासून पाहिले होते.

बोरखडीत चाके भगवंत लोहार मोजत असे. लाकडी चाकावर चढवायच्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात. धाव घडवताना लोहार नागड्या चाकाभोवती दोरी फिरवतो, आणि त्या दोरीपेक्षा लोखंड थोडे कमीच कापतो. मग धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर घालतात आणि वर पाणी ओततात. लोखंड आक्रसते आणि लाकडाला असे धरते की चाक मोडेल पण धाव सुटणार नाही. कमी मापात सगळी विद्या असते. धाव ढिली निघाली तर लोहाराची आयुष्यभर नाचक्की होते.

भगवंत आला तेव्हा मोटारीचा मागचा भाग दगडांवर चढवलेला होता आणि टायर काढून बाजूला ठेवला होता.

"काहून बाप्पा, दगडावर झोपवली काय हिले?"

"झोपवली. तू तिच्या पायाचं माप घे."

"जोडा करून राहिला काय तिले? मंग चांभाराले बोलवायचं होतं."

"चांभार येऊन गेला. आता तुयीच पाळी आहे."

भगवंतने लोखंडी कड्याभोवती दोरी फिरवली. आरपार माप तेवीस इंच भरले. मग त्याने सवयीने दोरी दोन बोटे आत दुमडली आणि पुन्हा हिशेब केला. "साडेबावीस लिही. घट्ट बसला पायजे."

शालिकरामची बायको कौशल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "टायर वर चढवून मोजलं असतं तर? आणायचा तर टायर आहे, चाक नाई."

भगवंत हसला. "वहिनी, धाव काढून चाक मोजतात. धाव घालून मोजलं तर माया बाप वरतून हासन मले."

कौशल्या आत गेली. तिने जे सांगितले तेच बरोबर होते, पण ते का बरोबर होते हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते.

जुन्या मोटारींच्या टायरांना नाव त्यांच्या बाहेरच्या उंचीवरून पडत असे. शालिकरामचा टायर या हिशेबाने तीस इंची होता. पुढे पद्धत बदलली आणि नव्या टायरांना आतल्या कड्याच्या मापावरून नाव मिळू लागले. परमिट देणाऱ्या कचेरीतल्या छापील यादीत दोन्ही प्रकार होते, नवे पहिल्या पानांवर आणि जुने शेवटी. जो माणूस तीस म्हणेल तो जुन्या टायराकडे जाई. जो वीस-बावीसच्या आसपास काही म्हणेल तो न कळत नव्याकडे जाई, आणि नवा टायर शालिकरामच्या चाकावर जगाच्या अंतापर्यंत बसणार नव्हता.

अर्ज मात्र चांगला झाला. भाजीपाला वाहणाऱ्या मोटारींना सवलत होती, आणि बाजारातल्या अडत्याने शिफारस दिली. सात आठवड्यांनी शालिकरामला बोलावणे आले. कारकून तरुण, थकलेला आणि सभ्य होता.

"साडेबावीस असा टायर यादीत नाही," त्याने बोट फिरवत सांगितले. "एकवीस आहे."

"तेवीस नाई काय?"

"नाही. जवळचा म्हणजे एकवीस. चालेल का तुम्हाला?"

"तुमाले काय वाटते साहेब?"

"मला मोटार कळत नाही हो. गाडी तुमची. या तिमाहीतलं हे शेवटचं परमिट आहे, नको असेल तर पुढच्या वेळी पाहू."

शालिकरामने क्षणभर विचार केला. टायर मोठा आला तर ढिला राहील आणि निसटेल. लहान असला तर ओढून चढवता येईल, आणि एकदा चढला की धरून राहील. गावातल्या प्रत्येक चाकाने त्याला आजवर हेच शिकवले होते. "एकवीस लिहा," तो म्हणाला.

नियमाप्रमाणे नवा टायर घेताना जुना जमा करायचा होता. शालिकराम गवत काढून टाकलेला तो फाटका टायर खांद्यावर घालून दुसऱ्यांदा अकोल्याला पोचला. ओमप्रकाशने परमिट वाचले, चष्मा वर केला आणि जुन्या टायराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"भाऊ, हे परमिट चुकलं," तो म्हणाला. "हा टायर तीसचा आहे. तीसचे दोन आहेत माझ्याकडे, बाबूजींच्या वेळचे. परमिट बदलून आणा."

जे शब्द ऐकायला मिळतील असे शालिकरामला अड्ड्यावर सांगितले होते, तेच शब्द, त्याच क्रमाने, हा माणूस बोलत होता.

"मुदत शनिवारी सरते," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. तरी जाऊन विचारा. कचेरीला मी चिठ्ठी देतो."

"चिठ्ठी नको. परमिटावर एकवीस आहे. एकवीस द्या."

"तो बसणार नाही."

"बसोतो आमी."

"बसवण्याची गोष्ट नाही ही. त्याच्या कडेत तार आहे. तुमच्या चाकाला तो लागतच नाही."

"सेठजी, तुमचा माल तुमच्या कोठीत ऱ्हावा म्हणून मी परत जाऊ काय? इतका भोळा नाई मी."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. ओमप्रकाशचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "ठीक आहे," तो म्हणाला. "तुमचा हक्क आहे." त्याने परमिटावर शिक्का मारला, जुना टायर मागे टाकला आणि नवा, काळाभोर, खडूची भुकटी लागलेला टायर पुढे ढकलला.

फसवले जाण्याची सवय माणसाचे दोन प्रकारे नुकसान करते. लबाडाकडून ती त्याला फारशी वाचवत नाही, आणि कधीतरी एखादा खरा माणूस समोर आला तर त्याचे बोलणे कानात शिरू देत नाही. शालिकराम त्या दिवशी गाडीत बसला तेव्हा आपण डाव जिंकला अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. टायर मांडीवर घेऊन तो मूर्तिजापूरपर्यंत उभ्या माणसांना सांगत होता की व्यापाऱ्याने बहाणे फार केले, पण आपण हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंत पहारी घेऊन आला. दोन पहारींनी टायर ओढला तरी एक बाजूसुद्धा चढेना. मग गुळाच्या कढईत पाणी उकळून त्यात टायर बुडवला. रबर मऊ झाले, पण कड हटली नाही. भगवंतने चाक दगडांत रोवले, चार गडी बोलावले आणि एका बाजूने टायर अडकवून दुसऱ्या बाजूने सगळ्यांनी एकदम जोर लावला. कोरडा, बारीक आवाज झाला. कडेतली तार तुटून रबराबाहेर आली आणि टायर तिथे वीतभर फाटला.

भगवंत बराच वेळ ती तार हातात धरून बसला होता. "लोखंड ऐकते," तो शेवटी म्हणाला. "हे मेलं ऐकतच नाई." मग त्याने आपल्या पहारी गोळा केल्या. त्या दिवसाची मजुरी त्याने घेतली नाही, आणि पुढे कित्येक महिने तो शालिकरामच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने जाई.

कचेरीत कारकुनाने सगळे ऐकून घेतले. त्याला वाईट वाटले, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. परमिट वापरले गेले होते. एका मोटारीला वर्षात एक. वापरात फाटलेल्या टायराची भरपाई नियमात नव्हती, आणि पुढच्या वर्षी नवा घेताना जमा करायला त्याच मोटारीवर झिजलेला टायर लागे, जो शालिकरामने आधीच जमा केला होता. गवत भरून कसाबसा चालणारा तो टायरसुद्धा आता त्याचा राहिला नव्हता. त्याच्या हाती जे होते, तेवढेही त्याने स्वतःच्या हाताने देऊन टाकले होते.

तो तिसऱ्यांदा अकोल्याला गेला. ओमप्रकाशने त्याला ओळखले, बसायला सांगितले, पाणी दिले. हकिगत ऐकून तो उठला आणि कोठीचे कुलूप काढून त्याला आत घेऊन गेला. लाकडी मांडणीवर कागदात गुंडाळलेले दोन टायर होते. एकाचा कागद त्याने सोडला.

"हात लावून पाहा," तो म्हणाला.

शालिकरामने कडेवरून बोट फिरवले. त्याच्या चाकाच्या ओठात बसेल असा जाड, वळलेला आकडा. बाजूला अक्षरे ठळक होती, एकही घासलेले नव्हते. नऊ वर्षांत इतका नवा टायर त्याने स्वतःच्या मोटारीवर कधी पाहिला नव्हता.

"सेठजी," तो खाली पाहत म्हणाला, "असाच देता येईन काय? परमिटाबिगर?"

ओमप्रकाश त्याच्याकडे वळला. "त्या दिवशी चार लोकांत तुम्ही मला असाच विकणारा म्हणालात. मी तसा असतो तर आज तुमचं काम झालं असतं."

"चुकलो मी."

"ते मला समजलं. तरी नाही देता येत. सरकारचा माणूस दर महिन्याला मोजून जातो." त्याने कागद पुन्हा गुंडाळला. "पुढल्या महिन्यात हेही राहणार नाहीत. जुन्या मापाचा माल नागपूरला जमा करायचा हुकूम आहे. वितळवून लढाईसाठी दुसरं काही करतील."

शालिकराम स्टेशनपर्यंत पायी गेला. ओमप्रकाशवर रागावता आले असते तर त्याला ते परवडले असते. तो माणूस त्याच्याशी दोनदा खरेपणाने वागला होता, आणि दोन्ही वेळा शालिकरामचे नुकसानच झाले होते. कारकुनाने नियम पाळला होता. भगवंतने आपली विद्या पाळली होती. दोष शोधायला निघालेला माणूस जिथे जिथे गेला तिथे त्याला आपल्यासारखीच एक धडपडणारी व्यक्ती सापडली, आणि शेवटी तो आपल्याच दोरीपाशी, आपल्याच अविश्वासापाशी येऊन थांबला. समाजशास्त्राला अशा प्रसंगी बोलायला पुष्कळ असते. त्या माणसाजवळ मात्र तीन चाकांची मोटार असते.

माळ्यांनी भाजीसाठी छकड्यांची सोय केली. दिवाळीनंतर एके दिवशी धाकटा भाऊ खुशालराव स्वतः शालिकरामच्या ओसरीवर आला. त्याने टोपी काढून हातात धरली होती.

"दादा, मळा काय माया एकट्याचा आहे काय?"

"कागदावर तुयाच आहे."

"कागद जाऊ द्या ना."

"कसा जाऊ देऊ? सई मी केली, कोणी हात धरून नाई करवली." शालिकराम थांबला. "गडी म्हणून येईन. गड्याले जे देशीन ते मले देजो. त्याच्यापरीस जास्त दिलं तर येणार नाई."

खुशालराव टोपी फिरवत राहिला. "मी तुमाले काम कसं सांगू दादा? लोक काय म्हणतीन मले?"

"नको सांगू," शालिकराम म्हणाला. "दिसते मले काम."

पण मळ्यातले सगळेच काम दिसत नाही. पाणी आज कोणत्या वाफ्याला द्यायचे, कोणता उद्यावर टाकायचा, हे मालकालाच ठरवावे लागते आणि बोलून सांगावे लागते. थोरल्या भावाला हुकूम करणे खुशालरावच्या तोंडून निघेना. तेव्हा त्याने एक रीत काढली. मळ्यात नत्थुजी नावाचा जुना गडी होता. शालिकराम दहा पावलांवर फावडे घेऊन उभा असला तरी खुशालराव नत्थुजीकडे वळून म्हणे, "नत्थुजी, आज अमुक वाफ्याले पाणी सोडा म्हणा." सुरुवातीला नत्थुजी ते वाक्य शालिकरामला पुन्हा सांगे. मग दोघांनाही त्याची लाज वाटू लागली आणि त्याने सांगणे सोडले.

खुशालरावची बायको जमुना थोरल्या दिरासमोर येत नसे, बोलत तर नसेच. बाकीच्या गड्यांना ती हातात भाकरी देई, पिठल्याला मीठ झाले का विचारी, कोणाच्या पोराची चौकशी करी. शालिकरामची भाकरी ती पदर पुढे ओढून बांधावर ठेवून जाई. सगळ्यांत भरलेली दुरडी त्याची असे, तूप त्याच्याच भाकरीला असे, आणि ती त्याला एकट्याला खावी लागे. भावाने, भावजयीने, गड्यांनी, सर्वांनी त्याचा मान राखला होता. तो मान असा होता की सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मळ्यात त्याच्याशी कोणी बोलत नसे. कौशल्याने एकदा सुचवले की अकोटकडे एखाद्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम पाहावे. शालिकराम म्हणाला, "तिथं काय मोटार ठेवली आहे मायासाठी?" तो विषय तिथेच संपला.

माघातल्या एका सकाळी शालिकरामने मेथीच्या वाफ्याचे तोंड उघडून पाट त्यात वळवला होता. पाणी अर्ध्या वाफ्यापर्यंत आले होते. खुशालराव बांधावरून आला, थांबला, आणि वाफ्याकडे न पाहता नत्थुजीला म्हणाला, "मेथी आज राहू द्या म्हणा. आधी वांगी."

नत्थुजी मान खाली घालून तण उपटत राहिला. शालिकरामने फावड्याने माती ओढून मेथीच्या वाफ्याचे तोंड बंद केले, आणि पाणी वांग्यांकडे सोडले.